सोशल मीडिया सोडला तर मित्र तुटतात का? कोर्टातला एक आकडा, सांगलीतला भोंगा आणि रविवारचे पोहे

७ टक्के. इन्स्टाग्रामवर लोकांचा जेवढा वेळ जातो, त्यातला एवढाच वेळ आता ओळखीच्या माणसांच्या पोस्ट बघण्यात जातो. फेसबुकवर हे प्रमाण १७ टक्के आहे. हे आकडे सोशल मीडियाला नावं ठेवणाऱ्या कुणा काकांनी फॉरवर्ड केलेले नाहीत. १८ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेतले न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी मेटा कंपनीविरुद्धच्या खटल्याचा निकाल दिला, त्या निकालपत्रात ते आहेत.

खटला काय होता ते थोडक्यात सांगतो. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२० मध्ये आरोप केला होता की मेटाने (तेव्हाची फेसबुक) २०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेऊन मित्र आणि कुटुंबाशी जोडणाऱ्या ॲप्सच्या बाजारात मक्तेदारी तयार केली. मेटाने बचाव काय केला? आमची स्पर्धा टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे, लोक आमच्याकडे आता मुख्यतः मित्रांसाठी येतच नाहीत! न्यायाधीशांना ते पटलं आणि मेटा जिंकली. बातम्या आल्या त्या ‘मेटाला दिलासा’ अशा. माझ्या मते खरी बातमी त्या बचावातच होती.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १० डिसेंबर २०२५ पासून, ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब, स्नॅपचॅट वगैरेंवर अकाउंट ठेवायला बंदी लागू झाली. तेव्हापासून आपल्याकडेही ही चर्चा जोरात आहे. माझा लहान मावसभाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने मला विचारलं, “दादा, तू तर सगळं उडवलं. मग तुझे मित्र कसे टिकले?” त्याला फोनवर उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण मी काही आकडे वाचून सोडलं नव्हतं.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी मिहानमधल्या ऑफिसातून मेट्रोने परत येत होतो. उज्ज्वल नगर स्टेशनला उतरलो तर जिन्याजवळ माझा हॉस्टेलचा रूममेट उभा. चार वर्षं एका खोलीत राहिलेलो आम्ही. माझ्या डोक्यात तो पुण्यात, हिंजवडीला.

“अबे, तू पुण्याले होता ना?”

“चार महिने झाले बे. इथंच आहो, घरी.”

नोकरी गेली होती. घर मनीष नगरात, माझ्या खोलीपासून गाडीने पंधरा मिनिटं. वडिलांना अजून कंपनीचं खरं सांगितलं नव्हतं, ‘वर्क फ्रॉम होम’ सांगून तो रोज लॅपटॉप उघडून बसत होता. मी म्हणालो, “काऊन सांगितलं नाही?” त्याने सरळ विचारलं, “तू विचारलं का?”

विचारलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, विचारायची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं. आम्ही एकमेकांना फॉलो करत होतो. मी त्याच्या स्टोऱ्या बघायचो, तो माझ्या पोस्टला लाईक द्यायचा. त्याचं सगळं मला माहीत आहे अशीच माझी समजूत होती. त्या चार महिन्यांत त्याने एकही पोस्ट टाकली नव्हती, हे मी घरी येऊन त्याचं प्रोफाइल उघडल्यावर माझ्या लक्षात आलं.

चूक माझीच होती, ॲपवर ढकलणार नाही. पण इंजिनीअर असल्यामुळे डोक्यात किडा वळवळायला लागला: रोज तास-दीड तास ज्या स्क्रीनकडे बघतो, तिथं एवढी मोठी गोष्ट दिसली कशी नाही? उत्तर फीडच्या रचनेत आहे.

तुम्ही ॲप उघडता तेव्हा सर्व्हर आधी तुम्हाला दाखवण्याजोग्या पोस्टची मोठी यादी जमा करतो. त्यात तुम्ही फॉलो करता त्यांच्या पोस्ट असतात आणि ज्यांना तुम्ही ओळखतही नाही अशांच्याही. मग प्रत्येक पोस्टसाठी अंदाज बांधला जातो: हा माणूस यावर किती वेळ थांबेल, लाईक करेल का, कुणाला पाठवेल का? या अंदाजांतून एक स्कोअर निघतो आणि जास्त स्कोअरवाली पोस्ट वर येते. बस्स, ढोबळमानाने हेच ते ‘अल्गोरिदम’, ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो.

आता यात माझ्या रूममेटचं काय होणार? त्याने पोस्टच टाकली नाही. यादीतच नाही त्याला स्कोअर कुठून मिळणार? त्याची रिकामी जागा रिकामी दिसत नाही. तिथं लगेच दुसरं काहीतरी येऊन बसतं: कुणाचा तरी कुत्रा, कुठलं तरी लग्न, बुलेटचा सायलेन्सर. वर्गात एखादा मुलगा चार दिवस आला नाही तर त्याचा बाक रिकामा दिसतो. फीडमध्ये बाकच नसतो. माणूस गप्प झाला की तिथून नुसता नाहीसा होतो, आणि आपल्याला कळतही नाही. आणि अडचणीत असलेली माणसं बहुतेक वेळा गप्पच होतात.

फीड आधी असं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मित्रांच्या पोस्ट खाली खाली जात कधीतरी संपायच्या. जानेवारी २०१८ मध्ये तर मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केलं होतं की फेसबुकच्या फीडमध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देणार. मग टिकटॉक आलं, ज्याला तुमचे मित्र कोण याची फिकीरच नव्हती. २९ जून २०२० ला भारताने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथं रील्स आणले. त्यानंतरच्या पाच वर्षांत काय झालं, ते त्या ७ टक्क्यांत दिसतं.

मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही. दोन वर्षं एका शॉपिंग ॲपसाठी नोटिफिकेशनचं कोडिंग केलंय. एखादा यूजर काही दिवस ॲप उघडत नसेल तर त्याला कुठल्या वेळी, कुठल्या शब्दांत हाक मारायची याचं पूर्ण वेळापत्रक असतं. आम्ही त्याला ‘री-एंगेजमेंट’ म्हणतो. गंमत बघा: ॲप न उघडणाऱ्या माणसाची आठवण कॉम्प्युटरला बरोबर येते, त्यासाठी टीम बसवलेली असते. चार महिने गप्प असलेल्या माणसाची आठवण त्याच्या मित्राला यावी, याच्यावर काम करणारी टीम मी तरी पाहिली नाही.

तर त्या आठवड्यात मी अकाउंट बंद केलं. आता मोठा बदल घडला वगैरे असं ऐकायची तयारी ठेवली असेल, तर सॉरी. पहिले तीन आठवडे मी वाचलेला वेळ यूट्यूबवर घालवला. क्रिकेटच्या जुन्या मॅचेस, रेल्वेचे व्हिडिओ. त्यात एका ज्युनिअरच्या लग्नाचं आमंत्रण इन्स्टाच्या ग्रुपवर होतं, ते मला कळलंच नाही. तो अजून थोडा फुगून आहे. फुटाळ्यावर एकदा सगळे भेटले, फोटो टाकले, मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. म्हणजे मी सोशल मीडिया सोडून माणसांच्या जवळ जायला निघालो होतो, आणि झालो एकटा.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे माझ्यापुरतं नाही. २०१८ मध्ये हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. दिवसाला सरासरी ६० मिनिटं वाचली. ती गेली कुठं? काही मित्र आणि घरच्यांबरोबर गेली हे खरं, पण काही एकट्याने टीव्ही बघण्यातही गेली. लोकांना बरं वाटलं, पण थोडंसंच. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. म्हणजे ॲप काढल्याने वेळ मिळतो, मित्र आपोआप मिळत नाहीत.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शिकागो विद्यापीठातले लिओनार्डो बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं: चार आठवडे टिकटॉक बंद करायचे किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर, म्हणजे त्या वेळी साधारण पाच हजार रुपये. इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर. मग प्रश्न थोडा बदलला: तुमच्या कॉलेजमधल्या सगळ्यांचंच अकाउंट एकदम बंद होणार असेल तर? आता उत्तर उलटं झालं. पैसे मागणारी हीच पोरं सरासरी बघता टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला तयार होती!

हे दोनदा वाचा. आवडतं म्हणूनच सगळे तिथं असतात असं नाही. सगळे आहेत म्हणून प्रत्येक जण आहे. एकट्याने बाहेर पडणाऱ्याला दंड बसतो, जसा मला लग्नाच्या आमंत्रणाचा बसला. त्यामुळे ‘तुझी इच्छाशक्ती कमी आहे’ हा मोठ्या माणसांचा आवडता सल्ला या बाबतीत निम्मा चुकीचा आहे. सुटायचं असेल तर चार जणांनी एकदम सुटावं लागतं.

आणि हे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका गावाने कुठलाही सर्व्हे न करता करून दाखवलंय. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव आहे. तिथं रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घरोघरी मोबाईल आणि टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला हवं त्याने सुरू करावं. दीड तास. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, ही शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढे ठेवला, ऑगस्ट २०२२ मध्ये महिलांच्या बैठकीत निर्णय झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून भोंगा सुरू झाला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघरी फिरले. या वेळात मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. नंतर आणखी काही गावांनी ही कल्पना उचलली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या विदर्भातल्या एका गावाने वेगळा रस्ता धरला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी घालणारा ठराव केला. देशभर बातम्या झाल्या. हेतू दोन्ही गावांचा चांगलाच, कारणही तेच, कोरोनातला फोन. पण मला वडगावची रचना जास्त पक्की वाटते, आणि हे मी वैदर्भीय असून म्हणतोय! बान्सीच्या ठरावात मुलं एका बाजूला आणि मोठे दुसऱ्या बाजूला. बाप सोफ्यावर रील्स बघणार आणि पोराला म्हणणार, पुस्तक काढ. वडगावात सात वाजता आजीची मालिकाही बंद होते. आणि मुख्य म्हणजे त्या दीड तासात कुणाचं काही चुकत नाही, कारण ऑनलाइन कुणीच नसतं. शिकागोच्या विद्यार्थ्यांना ज्याचे पैसे मोजायचे होते, ते वडगावला एका भोंग्यात मिळालं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याबद्दलही माझी शंका हीच आहे: वयाची रेघ ओढता येते, पण सोळाव्या वाढदिवसाला पोरगं पुन्हा त्याच गर्दीत जाणार, जिथं त्याचे आईबाप आधीपासून बसलेले आहेत.

अर्थात नागपुरात भोंगा कोण वाजवणार? मेडिकल चौकात वाजवला तर हॉर्नमध्ये ऐकूही येणार नाही. म्हणून आम्ही छोटा भोंगा केला. मी रूममेटला फोन लावला, त्याने अजून तिघांना. पाच जण. ठरलं एवढंच: दर रविवारी सकाळी साडेसातला कस्तुरचंद पार्कजवळच्या टपरीवर तर्री पोहे. ग्रुप नाही, पोल नाही, ‘कोण कोण येतंय’ नाही. यायचंच आहे, येणार नसशील तर फोन करायचा. मेसेज नाही, फोन. हा नियम रूममेटनेच घातला.

पहिल्या दोन रविवारी विचित्रच वाटलं. एकमेकांच्या आयुष्यातल्या बातम्या आधीच माहीत असायची सवय, त्यामुळे बोलायचं काय? तिसऱ्या रविवारी एकाने सांगितलं की त्याचं लग्न मोडलंय. साखरपुड्याचे फोटो त्याच्या प्रोफाइलवर तोवर तसेच होते. त्या दिवशी आम्ही साडेदहापर्यंत बसलो, पोहेवाल्याने शेवटी स्वतःहून चहा सांगितला. त्याच महिन्यात रूममेटने घरी खरं सांगितलं. सांगायला आमच्यातला एक जण सोबत गेला होता. नोकरी त्याला नंतर मिळाली, ती मात्र लिंक्डइनवरूनच. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सगळी ॲप्स अंबाझरीत बुडवायला निघालोय.

तसं नाहीच. माझी एक मैत्रीण घरून केक करून विकते, तिचे निम्मे गिऱ्हाईक इन्स्टावरून येतात. तिने सोडावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि लहान गावात जिला आपल्यासारखं कुणीच भेटत नाही, तिच्यासाठी ऑनलाइन मैत्री हीच खरी मैत्री असू शकते. माझा मुद्दा ज्यांचे मित्र त्याच शहरात राहतात आणि तरी भेटत नाहीत, त्यांच्यापुरता आहे. म्हणजे माझ्यासारख्यांचा.

तुम्हाला करून बघायचं असेल तर माझी चूक टाळा. मी आधी अकाउंट बंद केलं आणि मग मित्र शोधत बसलो. क्रम उलटा हवा. आधी डीएममध्ये ज्यांच्याशी खरंच बोलता, त्यांचे फोन नंबर मागून घ्या. तुम्हाला धक्का बसेल, किती जणांचा नंबर आपल्याकडे नसतो! निदान दोघांशी भेटायचा वार पक्का करा. मग ॲपकडे वळा. इन्स्टाग्रामवर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, तिथं पर्सनल डिटेल्स आणि त्यात अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल असा रस्ता आहे. तिथं डीॲक्टिव्हेट आणि डिलीट असे दोन पर्याय दिसतात. डीॲक्टिव्हेट केलं तर प्रोफाइल लपतं, पुन्हा लॉगिन केलं की परत येतं. डिलीट केलं तर ३० दिवसांची मुदत असते, त्यात लॉगिन करून विचार बदलता येतो, नंतर सगळं कायमचं जातं. त्यामुळे आधी अकाउंट्स सेंटरमधूनच स्वतःचे फोटो आणि डेटा डाउनलोड करून घ्या. इन्स्टाग्राम उडवल्याने व्हॉट्सॲप जात नाही, ही भीती बऱ्याच जणांना असते.

पूर्ण सोडणं जमणार नसेल तर एक मधला मार्ग आहे. इन्स्टाग्रामच्या होम स्क्रीनवर वरच्या लोगोवर टॅप केलं की ‘फॉलोइंग’ असा पर्याय येतो. त्यात फक्त तुम्ही फॉलो केलेल्यांच्या पोस्ट दिसतात, त्याही वेळेनुसार. पण ॲप पुन्हा उघडलं की नेहमीचंच फीड समोर येतं, हा पर्याय कायमचा चालू ठेवता येत नाही. का ठेवता येत नाही, हे वरचं सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगाल.

एकदा फॉलोइंग लावून सगळं बघून टाका, आणि मग जे नाव त्यात कुठंच दिसलं नाही ते आठवायचा प्रयत्न करा. अवघड जातं. मी मावसभावाला हेच करायला सांगितलं. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, त्याला शाळेतला एक मुलगा आठवला होता. “पण नंबरच नाही दादा.” म्हटलं, घर माहीत आहे ना?

मागच्या रविवारी आम्ही टपरीवर चारच होतो. पावणेआठ झाले, आठ झाले, रूममेटचा पत्ता नाही, फोनही नाही. कुणीतरी पाचवी प्लेट सांगून ठेवली होती, तिच्यातली तर्री गार व्हायला लागली. मग मी फोन लावला. सहाव्या रिंगला उचलला.

“झोपलो होतो बे. येतो. चना जास्त टाकायले सांग.”